विंच आणि फसलेली गाडी काढायचं सामान: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

पहिला दणदणीत पाऊस झाला, पांदण रस्ते बंद पडले की विंचची चौकशी सुरू होते. विंच म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेलं, मोटरने ड्रमवर दोर गुंडाळत फसलेली गाडी ओढून काढणारं यंत्र. खालची उत्तरं थार, जिम्नी, जुनी जिप्सी, गुरखा, व्ही-क्रॉस अशा गाड्या आणि आपली काळी माती डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. वाळवंटात किंवा लडाखला जायचं असेल तर यातलं काही बदलेल.

विंच खरंच लागते का?

एकटे फिरत असाल, किंवा शेत आडवाटेला असेल आणि पावसाळ्यातही जाणं चुकत नसेल, तर लागते. दोन-तीन गाड्या मिळून रविवारी कुही-मौद्याकडे चक्कर मारत असाल तर आधी बाकीचं घ्या. गाडीला पुढे-मागे पक्के हुक, एक चांगला कायनेटिक (ताणला की लांबणारा) दोर, दोन-चार शॅकल (पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कड्या), फावडं, हवा मोजायचा गेज आणि हवा भरायचा कंप्रेसर. एवढ्यावर बहुतेक गाड्या निघतात.

लोक उलट क्रमाने खरेदी करतात. समोर विंच चकाकते आणि मागे ओढायला धड हूक नसतो. विंचवरचा आकडा कितीही मोठा असो, ती कशाला बांधली आणि आपल्या गाडीला कुठे अडकवली यावरच सगळं ठरतं. आपल्याकडे तर जास्तच, कारण काळ्या रानात बांधायला भक्कम जागा सहसा सापडत नाही.

काळ्या मातीत एवढं वेगळं काय आहे?

ही माती पाणी पिते आणि फुगते. तिच्यातली चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट जातीची, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात लोणी. टायरच्या नक्षीत ती गच्च बसते आणि दहा-वीस फुटांत मड टायरसुद्धा गुळगुळीत होतो. वाळूत हवा कमी केली की गाडी तरंगते. इथे हवा कमी करून फायदा होतो, पण तेवढा नाही. १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, त्याखाली गेलात तर वळताना टायर रिममधून निसटायची भीती.

दुसरी अडचण ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांची. पांदणीत ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी तुमच्या गाडीच्या उंचीपेक्षा खोल असते. चाकं खाली जातात, मधल्या वरंब्यावर डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) टेकतं, आणि मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागची हलत नाही. अशा वेळी थेट विंच लावली तर ती गाडीबरोबर तो वरंबाही ओढायला बघते. आधी खाली फावडं घाला. डिफरन्शियलपुढची माती काढली, चाकांपुढे उतार करून दिला, की विंचचं काम निम्म्यावर येतं.

किती पाउंडाची विंच घ्यायची?

सर्वमान्य हिशेब असा: माणसं, सामान, डिझेल सगळं धरून भरल्या गाडीचं वजन, गुणिले दीड. जिम्नीचं कमाल भरलेलं वजन १,५४५ किलो. दीडपट केलं तर सुमारे २,३०० किलो, म्हणजे ५,१०० पाउंड. सहा हजारांची कागदावर पुरते, आठ हजारांची घेतली तर निवांत. थार सामानासकट सव्वादोन टन धरली तर ७,५०० पाउंड होतात, म्हणून ९,५०० पाउंडाची घ्या; ती ४,३०० किलो ओढते. व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखा पिकअप भरून तीन टनांच्या आसपास जात असेल तर १२,०००.

आता यातली मेख. पेटीवरचा आकडा ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाचा असतो. वर थर चढत गेले की ड्रमचा घेर वाढतो आणि दर थरामागे ताकद साधारण दहा-बारा टक्के उतरते. चौथ्या थरावर ४,३०० किलोची विंच जेमतेम ३,००० किलो ओढते. गाडी झाडाजवळ लावून पाच-सात मीटर दोर सोडून ओढणाऱ्यांची विंच ‘दम धरत नाही’ त्याचं कारण हेच. दोर जास्त सोडा, लांबचं झाड धरा.

चिखल किती ओढून धरतो याचा सैन्यात वापरतात तो ढोबळ अंदाज लक्षात ठेवण्यासारखा आहे. चाकं रिमपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाएवढा जोर लागतो. मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. अंगापर्यंत बसली तर तिप्पट. चढ असेल तर दर अंशामागे वजनाचा साठावा भाग आणखी मिळवा. म्हणजे मडगार्डपर्यंत बसलेली थार काढायला साडेचार टनांचा जोर, आणि तुमची विंच पहिल्या थरावर ४.३ टनांची. इथे फावडं आणि कप्पी लागतेच.

कप्पी म्हणजे नेमकं काय? ती घ्यावी का?

विंचबरोबर सगळ्यात आधी घ्यायची वस्तू. इंग्रजी कॅटलॉगमध्ये तिला स्नॅच ब्लॉक म्हणतात, पण विहिरीवरच्या कप्पीचंच तत्त्व. कप्पी झाडाला बांधायची, विंचचा दोर तिच्यातून फिरवून परत आपल्याच गाडीच्या हुकाला आणायचा. गाडीवर जवळपास दुप्पट ओढ मिळते, वेग निम्मा होतो, मोटर आणि बॅटरीवरचा ताण उतरतो. दोर जास्त सुटत असल्याने ड्रमवर थरही कमी राहतात, हा वरचा नफा.

मात्र झाडावरचा आणि झाडाच्या पट्ट्यावरचा ताणही दुप्पट होतो, हे ध्यानात ठेवा. लेचंपेचं झाड उपटून यायची वेळ इथेच येते. आणि २८ मीटरचा दोर दुमडल्यावर पल्ला १३-१४ मीटरच उरतो, म्हणून वीसेक मीटरचा जादा जोडपट्टा सोबत असू द्या.

स्टीलचा दोर की सिंथेटिक?

फिरायला जाणाऱ्यांनी सिंथेटिक घ्यावा. तो स्टीलपेक्षा कितीतरी हलका, हाताला कुसळं लागत नाहीत आणि तुटला तर स्टीलसारखा चाबूक मारत नाही. मारत नाही म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. दोराच्या टोकाला लोखंडी हूक असेल तर तो उडतोच. सिंथेटिकबरोबर दोर बाहेर पडतो तिथे रोलरऐवजी ॲल्युमिनियमची गुळगुळीत चौकट, म्हणजे हॉस फेअरलीड, बसवा. जुन्या स्टीलच्या दोराने रोलरवर खाचा पाडल्या असतील तर त्याच खाचा नवा दोर कापतात.

आपल्याकडे सिंथेटिकचे तीन शत्रू. पहिला ऊन: मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गाडी उघड्यावर उभी असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचे धागे कडक होऊन पिसारतात, म्हणून विंचला कव्हर हवंच. दुसरा वाळू: कन्हानच्या पात्रातली बारीक वाळू पिळात शिरून आतून धागे कापते. तिसरा उष्णता. हा धागा दीडशे अंशांच्या आतच वितळतो. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो, आणि भार असताना दोर उलटा सोडत गेलात की ड्रम भाजण्याइतका तापतो. उतारावरून गाडी खाली सोडायचं काम वरचेवर पडत असेल तर ब्रेक ड्रमबाहेर असलेली विंच शोधा.

शेतावर लाकूड ओढणं, बोअरवेलचा पंप वर घेणं असली कामंही विंचकडून करून घ्यायची असतील तर स्टील बरा. तो दगडावर घासला तरी तग धरतो. पण हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नका, आणि पंप वर येत असताना कोणाला त्याच्याखाली उभं करू नका.

बॅटरी पुरेल का? दुसरी बसवावी लागेल का?

९,५०० पाउंडाची विंच पूर्ण ताणात ४०० अँपिअरच्या वर खाते. गाडीचा अल्टरनेटर शंभर-सव्वाशेच्या आसपास देतो. उरलेलं सगळं बॅटरीतून जातं. म्हणून इंजिन चालू ठेवूनच विंच चालवायची, एका दमात मिनिटभरापेक्षा जास्त नाही, मग थांबून मोटरला हात लावून बघायचं. हात ठेवता येत नसेल तर चहा घ्या.

अधूनमधून वापरणाऱ्याला एकच चांगली बॅटरी पुरते. ६५० सीसीएच्या (बॅटरी एका दमात किती करंट देते त्याचं माप) पुढची बघा. नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी तशीही लवकर जाते, त्यामुळे तीन वर्षं जुन्या बॅटरीवर नवी विंच जोडणं म्हणजे घरी परतायचा भरवसा सोडणं. जोडणीची तार जाड तांब्याची हवी, ती थेट बॅटरीवर जावी, आणि मध्ये हाताने बंद करता येईल असा आयसोलेटर असावा. विंचची निगेटिव्ह तार बंपरच्या नटाखाली दाबून मोकळं होणारे इलेक्ट्रिशियन आहेत. तसं करू देऊ नका.

वायरलेस रिमोट चांगला की वायरवाला?

दोन्ही ठेवा. चिखलात दूर उभं राहता येतं म्हणून वायरलेस, आणि तो ऐनवेळी रुसतो म्हणून वायरवाला.

पुढच्या बंपरमध्ये कंपनीने दिलेला गोल हूक आहे. त्याला बांधलं तर चालेल?

बंपरच्या झाकणामागे आटे फिरवून बसवायचा जो कडीवजा हूक टूलकिटमध्ये येतो, तो बंद गाडी डांबरी रस्त्यावरून सावकाश न्यायला किंवा क्रेनवर चढवायला असतो. चिखलातून हिसका देऊन काढायला नव्हे. तो वाकतो, आणि वाईट दिवस असेल तर गोळीसारखा सुटतो. मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला दोर अडकवणं त्याहून धोक्याचं. हिसक्यात तो गोळा तुटून काचेतून आत शिरल्याने जगभर माणसं मेली आहेत.

हूक हवा तो चासीला, किमान दोन ठिकाणी, ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या बोल्टने कसलेला. वेल्डिंगवाला म्हणतो ‘भाऊ, टाका मारून देतो, हत्ती ओढला तरी निघणार नाही’. चासीच्या पोलादाला चुकीचा टाका लागला की तिथेच ते ठिसूळ होतं. बोल्टच लावा.

आसपास झाडच नाही. विंच कशाला बांधायची?

विदर्भातला हा खरा प्रश्न. कपाशी-तुरीच्या रानात चहूकडे नजर टाका, धुऱ्यावर एखादी बाभूळ किंवा पळस दिसतो. बाभूळ जुनी, मांडीपेक्षा जाड असेल तर कामाची. ओल्या मातीत लहान झाड मुळासकट वाकतं. पट्टा कमीत कमी तीन इंच रुंद, खोडाच्या अगदी बुडाशी बांधायचा. दोर खोडाला थेट गुंडाळला तर साल निघते आणि झाड वाळतं. ते झाड कोणाच्या तरी धुऱ्याचं असतं, शेतमालकाला विचारून बांधा.

झाड नसेल तर स्टेपनी पुरतात. गाडीसमोर वीसेक मीटरवर, ओढीच्या रेषेला आडवा, तीन फूट खोल खड्डा घ्यायचा. गाडीकडच्या बाजूची भिंत सरळ उभी ठेवायची. त्याच भिंतीत मधोमध, पट्टा तिरपा वर निघेल अशी अरुंद चर कोरायची. सब्बल रिमच्या मागून आडवी घालून पट्टा तिच्याभोवती घालून रिममधून ओवायचा, स्टेपनी त्या भिंतीला टेकवून उभी करायची, मग माती लोटून थर-थर तुडवायची. चर नीट नसेल तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि स्टेपनी मुळ्यासारखी उपटून येते. वरची फूटभर माती लोणी झालेली असली तरी तीन फुटांवर ती बहुधा घट्ट लागते, आणि भार तीच धरते. या सगळ्यात तासभर जातो, कमरेचे काटे ढिले होतात, पण मध्यरात्री दुसरं काही हाताशी नसेल तर हाच उपाय. म्हणून डिक्कीत लहान घडीचं खेळण्यातलं फावडं नको, लांब दांड्याचं खरंखुरं फावडं ठेवा.

ट्रॅक्टर बोलावला तर?

बोलवा. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर हे विदर्भातलं सगळ्यात स्वस्त रिकव्हरी साधन आहे, आणि जवळच्या गावात तो असतोच. पण दोर कुठे अडकवता याला जीवनमरणाइतकं महत्त्व आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ड्रॉबारलाच अडकवा. टॉप लिंकला किंवा मागच्या ॲक्सलच्या वर कुठेही बांधून जोर लावला, तर मागची चाकं जमीन धरून राहतात आणि ट्रॅक्टरचं तोंड उचललं जाऊन तो चालकावर उलटा पडतो. हे दीडेक सेकंदात होतं, क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

ट्रॅक्टरवाल्याची साखळी नाकारा, आपला पट्टा द्या. हळू ताण घ्यायला सांगा, हिसका नको. खुद्द ट्रॅक्टरच रुतण्यासारखी जागा असेल तर तो कोरड्यावर उभा करून, ब्रेक दाबून, त्याला फक्त खुंटा म्हणून वापरा आणि ओढायचं काम तुमच्या विंचला करू द्या. ही जोडी सगळ्यात सुखाची.

कायनेटिक दोर आणि टोचन लावायचा पट्टा यांत फरक काय?

कायनेटिक दोर ताणात तीस टक्क्यांपर्यंत लांबतो आणि साठलेला जोर अलगद परत देतो. टोचनचा पट्टा जवळजवळ लांबतच नाही. त्याने हिसका दिला की सगळा धक्का हुकावर आणि चासीवर. विंचच्या दोराने तर हिसका कधीच द्यायचा नाही.

जाडी गाडीनुसार. जिम्नी-जिप्सीला १९ मिलिमीटर, थार-गुरखाला २२. दोराची तुटण्याची मर्यादा गाडीच्या भरल्या वजनाच्या अडीच-तीनपटीहून फार पुढे नको. पाहिजे त्याहून जाड दोर हलक्या गाडीच्या वजनाने ताणलाच जात नाही, मग तो साधा टोचनचा पट्टाच झाला.

शॅकल कुठून घ्यावेत?

इतवारीच्या लोहाओळीत मिळतात. कोळशाच्या खाणी आणि हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांमुळे नागपुरात उचलकामाचं चांगलं सामान मिळायला अडचण नाही. बघायचं एवढंच, की शॅकलच्या अंगावर कामाचा भार कोरलेला आहे का. पाऊण इंची बो शॅकलवर ४.७५ टन असं असतं. नुसता गुळगुळीत, काही न लिहिलेला शॅकल ताडपत्री बांधायला ठेवा. पिन पूर्ण कसून पाव आटा मागे घ्यायची, म्हणजे ताणानंतर ती जाम होत नाही. जिथे शक्य तिथे सॉफ्ट, म्हणजे दोराचा, शॅकल वापरा. उडणारं लोखंड जेवढं कमी तेवढं बरं. फक्त तो धारदार कडेच्या हुकात घालू नका, कापला जातो.

हाय-लिफ्ट जॅक घेऊ का?

आपल्या मातीत तो खाली जातो आणि गाडी तिथेच राहते. घेतलाच तर खाली ठेवायला दीड फुटाची जाड फळी घ्या, आणि दांडा उसळून जबड्यावर बसणार नाही अशा बाजूला उभे राहा. नवख्याने त्याऐवजी रिकव्हरी बोर्डची (चाकाखाली घालायच्या नक्षीदार फळ्यांची) जोडी घ्यावी.

बजेट कमी आहे. विंचऐवजी काही?

टिरफोर, म्हणजे हाताने दांडा हलवून तार ओढायचं यंत्र. तारा ओढणाऱ्या ठेकेदारांकडे असतो तोच. १.६ टनाचा कप्पीबरोबर वापरला तर जिम्नी-जिप्सी निघते. घाम निघतो, पण त्याला बॅटरी लागत नाही आणि तो गाडीच्या मागच्या बाजूनेही ओढतो, जे पुढे बसवलेल्या विंचला जमत नाही. एकट्या शेतकऱ्याला मी हाच सुचवतो. स्वस्तातली अनोळखी विंच घेण्यापेक्षा हा शंभर पटीने बरा. त्या विंचवरचा बारा हजार पाउंडाचा आकडा बहुतेक रंगाने लिहिलेला असतो.

आरटीओ पकडेल का?

विंचपेक्षा अडचण बंपरची आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुलबार, क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२. मोठा लोखंडी बंपर लावून त्यात विंच बसवली तर सदर-वर्धा रोडवर पावती फाटू शकते. एअरबॅग असलेल्या गाडीत तर असा बंपर धडकेचा हिशेबच बिघडवतो. मूळ बंपरच्या आत, चासीला बोल्टने बसणारी विंच प्लेट हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. तरीही हा फेरफारच आहे, म्हणून विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येतं. विंच, प्लेट मिळून नाकावर पन्नासेक किलो वाढतात, तेव्हा पुढच्या स्प्रिंगही तपासून घ्या.

उमरेड-कऱ्हांडला, पेंचच्या बाजूला सराव केला तर?

अभयारण्याच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. झाडाला पट्टा बांधणं दूरच राहिलं. सरावाला ओळखीच्या शेतमालकाचं पडीक रान बघा.

गाडी फसली की गाव जमतं. लोकांचं काय करायचं?

त्यांना हात जोडून लांब करा. पोरं दोराच्या अगदी बाजूला उभी राहून मोबाइलवर शूटिंग करतात, एखादे काका मदत म्हणून ताणलेल्या दोरावर पाय देतात. नियम असा, की सुटलेल्या दोराच्या दीडपट अंतरात कोणी नाही, आणि दोर ओलांडायचा नाही, सैल असला तरी. दोराच्या मधोमध भिजवलेलं पोतं घडी करून टाका. दोर तुटला तर त्याचं वजन त्याला खाली पाडतं. इशारे एकाच माणसाने द्यायचे. बाकीच्यांनी ‘अजून, अजून’ ओरडायचं नाही. गाडीतल्या माणसाने पहिल्या-दुसऱ्या लो गिअरमध्ये चाकं अगदी हळू फिरवायची, दोरापुढे पळायचं नाही. मदत करणाऱ्यांना ओढ सुरू व्हायच्या आधी फावडं देऊन चाकांपुढची माती काढायला लावा, तिथे त्यांचा खरा उपयोग.

नवी विंच बसवल्यावर लगेच वापरू शकतो?

आधी दोर ताणून गुंडाळा. कारखान्यातून तो सैल गुंडाळलेला येतो, आणि पहिल्याच जोराच्या ओढीत वरचा फेर खालच्या फेरांत रुतून अडकतो. हलक्या चढाच्या मोकळ्या रस्त्यावर ड्रमवर सिंथेटिकचे आठ-दहा फेर (स्टील असेल तर पाच) ठेवून बाकी सगळा दोर सोडा, टोक खांबाला नव्हे तर दुसऱ्या गाडीला बांधा, आणि आपली गाडी न्यूट्रलमध्ये विंचने हळूहळू वर ओढत आणा. फेर शेजारी-शेजारी बसतायत का ते बघत राहा. ते राखून ठेवलेले फेर कुठल्याही ओढीत सोडायचे नाहीत. ड्रमला दोर पकडून ठेवायचं काम त्यांचं आहे, टोकाच्या छोट्या स्क्रूचं नाही.

पावसाळा संपल्यावर काय करायचं?

सिंथेटिक दोर पूर्ण सोडून बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवा, चिकणमाती तेव्हाच सुटते. प्रेशर वॉशरने मारू नका, माती पिळात आणखी आत जाते. सावलीत वाळवून परत ताणून गुंडाळा. महिन्यातून एकदा विंच दोन मिनिटं आत-बाहेर चालवली की मोटरमध्ये साचलेला ओलावा उडतो; नवतपा संपायच्या आत एकदा भार देऊन बघितली की पहिल्या पावसाला तयार.